पेढे अधिसूचनेनंतर: सर्वोच्च न्यायालयातली नेमणूक कागद बघून कशी तपासायची

दिल्लीत न्यायवृंदाची, म्हणजे न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाची, बैठक होते, ठराव संकेतस्थळावर चढतो आणि तासाभरात नांदेड-लातूरच्या वकिलांच्या ग्रुपवर मजकूर फिरू लागतो: ‘सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ संध्याकाळी चौकात फ्लेक्ससुद्धा लागतो. निवड मात्र तोवर झालेली नसते, झालेली असते शिफारस. शिफारस आणि नेमणूक यांच्यामध्ये कधी पाच दिवस जातात, कधी सात महिने, आणि कधी नाव वाटेतच राहतं. तालुक्याच्या ठिकाणाहून बातमी देणारे वार्ताहर, विधी महाविद्यालयातले विद्यार्थी आणि नव्याने सनद घेतलेले वकील यांना हा प्रवास स्वतः तपासता यावा, यासाठी हे लिहिलं आहे.

तपासायला चार गोष्टी लागतात: न्यायवृंदाचा ठराव, केंद्राच्या न्याय विभागाची अधिसूचना, शपथेची तारीख आणि त्या दिवशीचा शपथेचा क्रम. चौथीकडे सहसा कुणी बघत नाही, आणि पुढचे सगळे हिशेब तिच्यावरच चालतात.

आधी पुस्तक नीट उघडा

मूळ तरतूद राज्यघटनेच्या कलम १२४(२) मध्ये आहे. राष्ट्रपती आपल्या सही-शिक्क्याच्या वॉरंटने, म्हणजे नेमणूकपत्राने, नेमणूक करतात. त्याआधी सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांतल्या, त्यांना आवश्यक वाटतील त्या न्यायाधीशांशी ते सल्लामसलत करतात, आणि सरन्यायाधीश सोडून इतर न्यायाधीश नेमायचा असेल तर सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यावाच लागतो. पात्रता १२४(३) मध्ये आहे: भारताचं नागरिकत्व, आणि त्यासोबत उच्च न्यायालयात किमान ५ वर्षं न्यायाधीशपद, किंवा उच्च न्यायालयात किमान १० वर्षं वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते नामांकित विधिज्ञ असणं. निवृत्ती ६५ व्या वर्षी. ‘न्यायवृंद’ किंवा ‘कॉलेजियम’ हा शब्द या कलमात कुठेच नाही. शोधत बसू नका.

इथे विद्यार्थी हमखास फसतात ते बेअर अ‍ॅक्टमुळे, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर छापलेल्या पुस्तकामुळे. २०१४ च्या ९९ व्या घटनादुरुस्तीने कलम १२४ चे शब्द बदलले आणि १२४-ए, १२४-बी, १२४-सी ही कलमं घालून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. हा कायदा १३ एप्रिल २०१५ रोजी अमलात आला आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केला. वेगळं मत न्या. चेलमेश्वर यांचं. पण संसदेने ती कलमं पुस्तकातून वगळलेली नाहीत, त्यामुळे बाजारातल्या बहुतेक प्रतींत ती छापलेली दिसतात आणि ‘हे रद्द आहे’ एवढं बारीक टाइपात खाली तळटिपेत असतं. तळटीप न वाचता उत्तर लिहिलं की आयोग जिवंत होतो. तुमच्या प्रतीत १२४(२) मध्ये आयोगाचा उल्लेख असेल, तर पेन्सिलने काट मारून मूळ शब्द शेजारी लिहून ठेवा.

न्यायवृंद आला तो निकालांतून. १९८१ च्या एस. पी. गुप्ता निकालात शेवटचा शब्द सरकारचा ठरला होता. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी ९ न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवला. ‘सल्ला’ म्हणजे नुसतं विचारणं नाही, सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताला प्राधान्य, असं त्या पीठाने ठरवलं. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना २८ ऑक्टोबर १९९८ रोजी आणखी एका ९ जणांच्या पीठाने संख्या पक्की केली: सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश. त्यावर १९९९ मध्ये सरकारने कार्यपद्धतीचं ज्ञापन तयार केलं. वकील त्याला ‘एमओपी’ म्हणतात. रोजचं काम या ज्ञापनावर चालतं, आणि ते न्याय विभागाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. उच्च न्यायालयासाठीचं ज्ञापन वेगळं आहे. दोन्ही उतरवून घ्या आणि फाइलला नावं नीट द्या, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

न्यायवृंदात बसतं कोण

सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकीसाठी पाच जण. उच्च न्यायालयाच्या नावांवर निर्णय घ्यायचा तर तिघे, म्हणजे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठतम. पाचाचे कधी सहा होतात. पुढचे सरन्यायाधीश होणारे न्यायमूर्ती त्या चार ज्येष्ठांत नसतील, तर त्यांनाही बसवायचं असा नियम आहे. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला न्या. संजीव खन्ना असेच सहावे आले होते. ठरावाखाली सहा नावं दिसली की चूक समजू नका.

प्रत्येक सदस्याचं मत लेखी असतं. शिवाय उमेदवार ज्या उच्च न्यायालयातून आला, त्याच न्यायालयातून आलेले सर्वोच्च न्यायालयातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश न्यायवृंदात नसले तरी त्यांचं मत घेतात. मुंबई उच्च न्यायालयातल्या एखाद्याचं नाव असेल, तर आधी हे ‘मुंबईचे’ ज्येष्ठ कोण ते शोधा. चारपैकी दोघांनी विरोध केला तर सरन्यायाधीशांनी ते नाव रेटू नये, असं १९९८ चं मत सांगतं. एकाचाच विरोध असेल तर नाव पुढे जाऊ शकतं, आणि तो विरोध प्रसिद्ध झालेल्या निवेदनात दिसेलच असं नाही. म्हणून ‘एकमताने’ हा शब्द छापील निवेदनात असेल तरच बातमीत वापरा.

ठराव वाचायचा कसा

ऑक्टोबर २०१७ पासून ठराव सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकले जातात. काही दोन ओळींचे असतात: बैठक अमुक तारखेला झाली, अमुक नावांची शिफारस केली, संपलं. काहींत कारणं दिलेली असतात. कारणांचा ठराव हाती लागला तर तो ओळीओळीने वाचण्यासारखा असतो.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. न्या. प्रसन्न वराळे यांचं शिक्षण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातलं, वकिली औरंगाबाद खंडपीठातली, आणि १९९० ते १९९२ या काळात शहरातल्या आंबेडकर विधी महाविद्यालयात त्यांनी शिकवलंही. १८ जुलै २००८ रोजी ते मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश झाले, १५ जुलै २०११ रोजी कायम, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती. १९ जानेवारी २०२४ च्या ठरावात त्यांचं नाव आलं. हा ठराव समोर ठेवा आणि पुढच्या गोष्टी क्रमाने शोधा.

आधी जागा. २५ डिसेंबर २०२३ रोजी न्या. संजय किशन कौल निवृत्त झाले, ती जागा रिकामी होती. सर्वोच्च न्यायालयाची संख्या संसद कायद्याने ठरवते. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून ८ होती, २०१९ च्या दुरुस्तीने ३४ झाली. ठराव वाचताना मंजूर संख्या, सध्या कार्यरत आणि येत्या महिन्यांत निवृत्त होणारे, असे तीन आकडे आधी कागदावर मांडा. एका जागेसाठी दोन नावं जात असतील तर दुसरी जागा कधी रिकामी होणार, ते त्यातून कळतं.

मग ज्येष्ठता. इथे दोन वेगळे क्रमांक असतात आणि बातम्यांत त्यांची कायम सरमिसळ होते. एक अखिल भारतीय, देशातल्या सगळ्या उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांचा मिळून. दुसरा मूळ उच्च न्यायालयाचा. वराळे अखिल भारतीय यादीत सहावे होते आणि मुंबईच्या यादीत पहिले. ‘देशात सर्वांत ज्येष्ठ’ असं लिहिणाऱ्यांनी दुसरा आकडा पहिल्याच्या जागी बसवला होता.

त्यानंतर मूळ न्यायालय. ते बेंगळुरूमध्ये मुख्य न्यायमूर्ती होते, तरी मोजले गेले मुंबईचे. ज्या उच्च न्यायालयात पहिली नेमणूक झाली तेच आयुष्यभराचं मूळ न्यायालय. बदली झाली, बढती मिळाली, तरी ते बदलत नाही. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयात मुंबईचे तिघे आधीच होते, आणि याची जाणीव असल्याचं ठरावात म्हटलं होतं. प्रादेशिक तोल हा लेखी नियम नाही, पण निवडीत तो पाहिला जातो. म्हणून नाव चर्चेत आलं की त्या न्यायालयाचे दिल्लीत किती जण आहेत ते मोजायचंच. औरंगाबाद खंडपीठ असं वेगळं खातं तिथे नाही. ठरावात फक्त ‘मुंबई उच्च न्यायालय’ लिहिलेलं असतं, त्यामुळे मराठवाड्याचा संबंध शोधायचा तर उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरचा परिचय वाचावा लागतो.

शेवटी प्रतिनिधित्व. अनुसूचित जातीतून आलेले ते उच्च न्यायालयांतले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश आणि देशातले एकमेव मुख्य न्यायमूर्ती आहेत, हे ठरावाने स्पष्ट लिहिलं होतं. असा उल्लेख असेल तर ठरावाचे शब्द जसेच्या तसे घ्या, स्वतःचे विशेषण जोडू नका.

२४ जानेवारीला अधिसूचना निघाली, २५ ला शपथ झाली. ठरावापासून शपथेपर्यंत सहा दिवस. एवढा वेग नेहमीचा समजू नका.

मधला मुक्काम

ठराव कायदामंत्र्यांकडे जातो. ते पंतप्रधानांसमोर ठेवतात, पंतप्रधान राष्ट्रपतींना सल्ला देतात. होकार आला की न्याय विभागाचे सचिव सरन्यायाधीशांना कळवतात आणि निवड झालेल्या व्यक्तीकडून शारीरिक पात्रतेचा दाखला मागवतात. त्यावर सही लागते जिल्हा शल्यचिकित्सकांची किंवा जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याची. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा कागद सिव्हिल हॉस्पिटलच्या टेबलावरून जातो, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला गंमतीचं वाटतं. मग वॉरंटवर राष्ट्रपतींची सही आणि राजपत्रात अधिसूचना.

या टप्प्याला कायद्याने मुदत घातलेली नाही, आणि गाडी अडते ती इथेच. अडण्याच्या तीन तऱ्हा.

पहिली, नुसतं बसून राहणं. ना होकार, ना नकार. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे बातमीत ‘प्रलंबित’ एवढंच लिहिता येतं. ‘फेटाळलं’ असं लिहायचं नाही.

दुसरी, यादी फोडणं. २०१४ मध्ये चार नावं गेली होती. सरकारने तिघांना पुढे नेलं आणि ज्येष्ठ वकील गोपाल सुब्रमण्यम यांचं नाव वेगळं काढून फेरविचारासाठी पाठवलं. त्यांनी माघार घेतली. आपल्याला न विचारता यादी फोडल्याबद्दल तेव्हाचे सरन्यायाधीश लोढा यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. यातून एक साधी सवय लावून घ्या: ठरावातली नावं मोजा, अधिसूचनेतली मोजा, आणि जुळत नसतील तर कोणतं नाव गळालं ते आधी बघा.

तिसरी, कारण देऊन परत पाठवणं. १० जानेवारी २०१८ च्या एकाच बैठकीत इंदू मल्होत्रा आणि उत्तराखंडचे मुख्य न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांची नावं ठरली. मल्होत्रा यांनी २७ एप्रिलला शपथ घेतली. वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या त्या पहिल्या महिला. जोसेफ यांचं नाव मात्र ज्येष्ठता आणि प्रादेशिक तोलाचं कारण सांगून परत आलं. न्यायवृंदाने जुलैत ते पुन्हा पाठवलं आणि शपथ झाली ७ ऑगस्टला. न्यायवृंदाने एकमताने पुन्हा तेच नाव पाठवलं तर नेमणूक व्हायला हवी, असा १९९३ चा दंडक आहे. म्हणून दुसऱ्या ठरावात ‘पुनरुच्चार’ हा शब्द आहे का ते बघा. तो असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या ठरावाची तारीख दोन्ही नोंदवा.

अधिसूचनेतला कलमाचा आकडा

न्याय विभागाच्या अधिसूचना जेमतेम पाच-सहा ओळींच्या असतात, आणि सगळ्या एका साच्यातल्या. घाईत नाव आणि ‘राष्ट्रपतींनी नेमणूक केली’ एवढं वाचलं की घोटाळा होतो. त्यात कोणत्या कलमाखाली अधिकार वापरला आहे तो आकडा आधी बघायचा. १२४(२) असेल तर सर्वोच्च न्यायालय. २१७(१) म्हणजे उच्च न्यायालयातली कायम नेमणूक किंवा मुख्य न्यायमूर्तीपद. २२४(१) म्हणजे अतिरिक्त न्यायाधीश, मुदतीचे. २२२ म्हणजे एका उच्च न्यायालयातून दुसऱ्यात बदली. २२३ म्हणजे कार्यकारी मुख्य न्यायमूर्ती.

शेवटची ओळसुद्धा महत्त्वाची: पदाचा कार्यभार स्वीकारल्याच्या दिनांकापासून. म्हणजे अधिसूचना निघाली तरी ती व्यक्ती अजून सर्वोच्च न्यायालयाची न्यायाधीश झालेली नाही, आणि शपथेपर्यंत जुन्या पदावरच आहे. हा फरक पुस्तकापुरता नाही. १९९२ मध्ये कुमार पद्म प्रसाद प्रकरणात गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी राष्ट्रपतींनी वॉरंटवर सहीसुद्धा केली होती, पण शपथ झालेली नव्हती. संबंधित अधिकाऱ्याने घटनेला अपेक्षित असं १० वर्षांचं न्यायिक पद सांभाळलेलं नाही, असं आढळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली. सही झालेलं वॉरंट निकामी ठरल्याचं हे प्रकरण.

कायदामंत्री बहुतेक वेळा राजपत्राआधी समाजमाध्यमावर नावं जाहीर करतात. बातमीला ते चालतं. पण अभ्यासाच्या टिपणात राजपत्राची तारीखच लिहा.

‘कन्फर्म’ हा शब्द जपून

अमेरिकेतल्या सुनावण्यांचे तुकडे मोबाइलवर बघून अनेकांना वाटतं की आपल्याकडेही संसद उमेदवाराला प्रश्न विचारते. तसं काही नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची न्यायविषयक समिती जाहीर सुनावणी घेते आणि मग सिनेट मतदान करतं. २०१७ पासून साधं बहुमत पुरतं. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडले, २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन ५३ विरुद्ध ४७ ने आल्या, आणि २०१६ मध्ये मेरिक गार्लंड यांची तर सुनावणीच घेतली गेली नाही. पद तहहयात. आपल्याकडे नेमणुकीत संसदेचं मत कुठेच नाही. ती येते ती पदावरून दूर करण्याच्या वेळी, कलम १२४(४) खाली.

आणि आपल्या बार रूममध्ये ‘साहेब कन्फर्म झाले’ असं म्हणतात, त्याचा सर्वोच्च न्यायालयाशी संबंध नसतो. उच्च न्यायालयातले अतिरिक्त न्यायाधीश जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी असतात. त्यांना कायम केलं की वकील म्हणतात कन्फर्म झाले. या टप्प्यावर त्यांचे निकाल तपासले जातात, आणि कायम करण्याऐवजी नुसती मुदतवाढही मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश हा प्रकारच नाही. तिथे शपथ झाली की थेट ६५ पर्यंत.

शपथेचा क्रम आणि पुढची वर्षं

सरन्यायाधीशांना राष्ट्रपती शपथ देतात. इतरांना राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती, म्हणजे रिवाजाने सरन्यायाधीश. मजकूर घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत नमुना ४ मध्ये आहे. ज्येष्ठता शपथेवरून ठरते, आणि एकाच दिवशी अनेकांनी घेतली तर कोण आधी उभं राहिलं त्यावरून. जोसेफ यांच्या वेळी वाद झाला तो याच कारणाने. ७ ऑगस्ट २०१८ रोजी इंदिरा बॅनर्जी आणि विनीत सरन यांच्यानंतर त्यांचा क्रमांक लावला गेला. जोसेफ यांचं नाव त्या दोघांच्या सहा महिने आधी सुचवलेलं होतं, तरी ते कनिष्ठ ठरले.

सरन्यायाधीश ज्येष्ठतेने होतात, हा संकेत आहे. १९७३ मध्ये तिघांना डावलून ए. एन. रे आणि १९७७ मध्ये एच. आर. खन्ना यांना डावलून एम. एच. बेग नेमले गेले, ते दोन ठळक अपवाद. म्हणून पुढचे सरन्यायाधीश कोण, याचा हिशेब कुणालाही मांडता येतो. वहीत दोन रकाने आखा. डावीकडे शपथेच्या क्रमाने नावं, उजवीकडे निवृत्तीची तारीख. ही तारीख काढताना वाढदिवस नव्हे, त्याच्या आदला दिवस धरायचा. न्या. भूषण गवई यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, शेवटचा दिवस २३ नोव्हेंबर २०२५. वराळे यांचा जन्म २३ जून १९६२ चा, म्हणजे २२ जून २०२७.

आता ३१ ऑगस्ट २०२१ ची तुकडी लावून बघा. त्या दिवशी एकदम नऊ जणांनी शपथ घेतली. दुसऱ्या क्रमांकावर विक्रम नाथ, जन्म २४ सप्टेंबर १९६२. पाचव्यावर बी. व्ही. नागरत्ना, जन्म ३० ऑक्टोबर १९६२. नवव्यावर पी. एस. नरसिंहा, जन्म ३ मे १९६३, थेट वकिलीतून आलेले. संकेत पाळला गेला तर विक्रम नाथ २३ सप्टेंबर २०२७ पर्यंत, मग नागरत्ना २९ ऑक्टोबर २०२७ पर्यंत, म्हणजे अवघे ३६ दिवस, आणि मग नरसिंहा २ मे २०२८ पर्यंत. देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीशांची कारकीर्द ३६ दिवसांची का, याचं उत्तर या दोन रकान्यांत आहे. मधल्या क्रमांकांवरचे एम. एम. सुंदरेश नरसिंहांपेक्षा ज्येष्ठ, पण जुलै २०२७ मध्येच निवृत्त होतात, म्हणून साखळीत येत नाहीत.

आपल्याकडून वाट किती लांब

याच गणिताने मराठवाड्यातल्या वकिलाची शक्यताही मोजता येते, आणि आमच्या मते चर्चा इथे व्हायला हवी. ‘आपला माणूस दिल्लीत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दिल्लीचा दरवाजा मात्र मुंबईत, आणि तोही पंधरा वर्षं आधी उघडतो किंवा बंद होतो.

१९८१ पर्यंत आपल्या भागातले खटले मुंबईला जात. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादेत न्यायालय बसू लागलं आणि १९८४ मध्ये ते कायम खंडपीठ झालं. मराठवाड्याचे आठ जिल्हे, शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार, असं त्याचं क्षेत्र. पण उच्च न्यायालयासाठी नाव सुचवण्याचा अधिकार खंडपीठाला नाही. तो मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांच्या दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर ९४ जागांत सगळे पीठ मिळून मोजले जातात.

वकिलीतून येणाऱ्यांचं वय साधारण ४५ ते ५५ असावं असा प्रघात आहे. उच्च न्यायालयातली निवृत्ती ६२ व्या वर्षी. सर्वोच्च न्यायालयात जायला उच्च न्यायालयात किती वर्षं काढावी लागली, ते मुंबईच्या नावांवरून बघा: गवई २००३ ते २०१९, अभय ओक २००३ ते २०२१, वराळे २००८ ते २०२४, अतुल चांदूरकर २०१३ ते २०२५. म्हणजे १२ ते १८ वर्षं. ४५ व्या वर्षी शपथ घेणाऱ्याजवळ १७ वर्षं असतात. ५२ व्या वर्षी घेणाऱ्याजवळ १०, म्हणजे वरच्या चौघांच्या हिशेबाने गाडी आधीच सुटलेली. जिल्हा न्यायाधीश पंचावन्नच्या आसपास वर आले तर सातच वर्षं. पात्रतेला ५ पुरतात, पण अखिल भारतीय यादीत पुढे सरकायला पुरत नाहीत.

यात उशिराची भर पडते. उच्च न्यायालयाचा प्रस्ताव मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे जातो, ज्ञापनात त्यांना सहा आठवडे आहेत. गुप्तचर विभागाचा अहवाल येतो. एप्रिल २०२१ च्या पीएलआर प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेळापत्रक घालून दिलं: गुप्तचर अहवाल ४ ते ६ आठवड्यांत, त्यानंतर केंद्राने ८ ते १२ आठवड्यांत नाव न्यायवृंदाकडे पाठवायचं, एकमताने पुनरुच्चार झाला तर ३ ते ४ आठवड्यांत नेमणूक. प्रत्यक्षात हे हुकतं. हुकलेल्या प्रत्येक महिन्यात दुसऱ्या राज्यातले शपथ घेऊन यादीत पुढे उभे राहतात, आणि ती जागा नंतर भरून निघत नाही.

ज्या वकिलाचं नाव पुढे जाण्याची शक्यता आहे, त्याने पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं, लॉ रिपोर्टमध्ये (न्यायनिर्णय छापणाऱ्या नियतकालिकांत) छापून आलेल्या आपल्या प्रकरणांची यादी आणि जन्मतारखेचा दाखला आधीच जुळवून ठेवावा. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि सनदेवर दुसरी, हे आपल्याकडचं जुनं दुखणं. ते ऐनवेळी निस्तरत नाही.

आक्षेप आणि माहितीचा अधिकार

एखाद्या नावाला आक्षेप असेल तर शपथेआधी पुराव्यासह सरन्यायाधीशांकडे आणि न्याय विभागाकडे लेखी पाठवा. न्यायालयात जायचं तर एक रेषा आहे: पात्रतेला आव्हान देता येतं, योग्यतेला नाही. १० वर्षं वकिली झाली की नाही, हा पात्रतेचा प्रश्न. उमेदवाराचे विचार, जुनी भाषणं, स्वभाव हे योग्यतेत मोडतं. २००९ च्या महेशचंद्र गुप्ता निकालाने हा भेद स्पष्ट केला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका नेमणुकीवरची याचिका त्याच कारणाने टिकली नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, शुल्क १० रुपये. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालाने सरन्यायाधीशांचं कार्यालय या कायद्याखाली आलं. पण न्यायवृंदाच्या बैठकीत काय बोलणं झालं ते मागू नका. ९ डिसेंबर २०२२ रोजी अंजली भारद्वाज यांच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की सर्वांच्या सहीचा अंतिम ठराव हाच निर्णय, त्याआधीची चर्चा उघड करता येणार नाही. तारखा मागा: शिफारस कधी पाठवली, विभागाला कधी मिळाली, आज कोणाकडे आहे. आणि त्या मागायच्या तर अर्ज न्याय विभागाला करा, कारण ठराव निघाल्यानंतर फाइल त्यांच्याकडे असते.